निकोडेमसमधील पूर्वजांचा शोध घेताना या चुका टाळा

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ग्रॅहॅम काउंटीत १८७७ साली वसलेल्या निकोडेमस या कृष्णवर्णीयांच्या गावातील पूर्वज शोधताना पहिली चूक दिशेची होते. या कुटुंबांना दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कॅन्ससकडील १८७९ च्या मोठ्या स्थलांतराचा भाग समजून अनेक जण मिसिसिपी आणि लुइझियानाची दप्तरे चाळत बसतात. प्रत्यक्षात गावाची पहिली कुटुंबे त्याच्या दोन वर्षे आधी, मुख्यतः केंटकीतून आली होती.

सर्वांत महागात पडते ते जमिनीच्या पट्ट्यापाशी, म्हणजे सरकारने दिलेल्या मालकीच्या दस्तापाशी, थांबणे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळे. मात्र पट्टा हाती येण्यासाठी साधारणपणे पाच वर्षांची वस्ती आणि मशागत सिद्ध करावी लागे. १८८८ मध्ये रेल्वेने गावाला बगल दिल्यावर अनेकांनी गाव सोडले. ज्यांनी जमिनीवरचा दावा अर्धवट सोडला त्यांची नावे पट्ट्यांत सापडत नाहीत, आणि मग 'आपल्या घराण्याने जमीन कसलीच नाही' असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो, जो मला त्या कष्टांवरचा अन्याय वाटतो. अशा वेळी भूमी कार्यालयाच्या नोंदवहीत सेक्शन, टाउनशिप आणि रेंज या जमीन-मोजणीतील वर्णनावरून दाव्याचा क्रमांक काढावा आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून फाइल मागवावी. तेथे रद्द झालेल्या दाव्यांच्याही फायली आहेत.

पट्टा मिळालेला असेल, तर फायलीत अंतिम पुराव्याची जबानी असते: घर कसे व केवढे आहे, किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतले, कुटुंबात कोण कोण आहे. खाली साक्षीदारांच्या सह्या असतात, किंवा सहीच्या जागी फुली. ही नावे उतरवून घ्यायलाच हवीत, कारण शेजारचा साक्षीदार पुष्कळदा सोयराही निघतो.

१८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर उरले नाहीत. ती पोकळी कॅन्सस राज्याच्या १८८५ आणि १८९५ च्या गणनांनी बरीच भरते.

१८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या यादीत मालकाचे नाव असते, गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. वय जुळले म्हणून 'हेच आमचे पणजोबा' असे लिहू नये, आणि आडनाव शेवटच्या मालकाचेच असेल असेही धरू नये.

जुलैअखेर वंशज निकोडेमसला एकत्र जमतात. तेथे जाताना साक्षीदारांच्या नावांची यादी सोबत न्यावी आणि वडीलधाऱ्यांना एकेक नाव वाचून दाखवावे.