छातीतला कफ हटत नाही? आधी या चुका टाळा

बेडका हिरवा दिसला, की घरात मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची पट्टी शोधायला सुरुवात होते. कफाच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

हिरवा रंग बहुतेक वेळा जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. संसर्गाशी लढायला न्यूट्रोफिल नावाच्या पेशी श्वासनलिकेत धावून येतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट एन्झाइम असतं आणि त्या मेल्या, की ते कफात उतरतं. या पेशी विषाणूंच्या संसर्गातही जमतात. एरवी निरोगी असलेल्या माणसाला अचानक होणारा ब्राँकायटिस (श्वासनलिकांचा दाह) १० पैकी ९ वेळा विषाणूंमुळेच होतो आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यामुळे माणसाचा धीर सुटतो.

याला एक अपवाद आहे. सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार) किंवा ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) असलेल्या रुग्णाचा नेहमीचा पांढरट कफ अचानक पिवळा-हिरवा झाला, त्याचं प्रमाण वाढलं आणि दमही लागू लागला, तर तो जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो. अशा वेळी थांबू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

कफालाच शत्रू समजणं

निरोगी श्वासनलिकेतही कफ तयार होतच असतो. त्यात जवळपास ९७ टक्के पाणी असतं, उरलेल्यात क्षार आणि म्युसिन नावाची चिकट प्रथिनं. धूळ आणि जंतू त्यात अडकतात. खालचे केसांहून बारीक तंतू, म्हणजे सिलिया, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा थर घशाकडे ढकलतात. तो आपण नकळत गिळूनही टाकतो.

हिमोफिलस इन्फ्लुएंझा किंवा न्यूमोकोकससारखे जंतू आत ठाण मांडतात, तेव्हा गाडी बिघडते. जंतूंच्या आवरणातले घटक अस्तराच्या पेशींना ओळखू येतात आणि त्या दाहाचे रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांमुळे म्युसिनची निर्मिती वाढते आणि न्यूट्रोफिल गोळा होतात. हे न्यूट्रोफिल जंतू मारायला इलॅस्टेज नावाचं एन्झाइम ओततात. तेच एन्झाइम अस्तरातल्या गॉब्लेट पेशींना, म्हणजे कफ बनवणाऱ्या पेशींना, आणखी कफ सोडायला लावतं, वर सिलियांनाही जखमी करतं. भरीला मेलेल्या पेशींचा डीएनए कफात मिसळतो आणि कफ दोरीसारखा ताणला जाईल इतका चिवट होतो. असा कफ जागचा हलत नाही, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि दाह पुन्हा पेटतो. ब्राँकिएक्टेसिसचं हे दुष्टचक्र ब्रिटिश डॉक्टर पीटर कोल यांनी १९८० च्या दशकात मांडलं.

म्हणजे कफ वाढणं हा परिणाम आहे. दाह चालू असेपर्यंत नुसता कफ उपसून काम भागत नाही. शिवाय दाह दीर्घकाळ राहिला, तर गॉब्लेट पेशींची संख्याच वाढते. मग जंतू गेले तरी कफाचा कारखाना चालू राहतो. ‘गोळ्या संपल्या, तरी कफ येतोच’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. अशा वेळी अँटिबायोटिक बदलून पाहण्यापेक्षा दाह का शमत नाही, हे शोधायला हवं. दमा आहे का? धूम्रपान चालू आहे का? सिगारेटचा धूर सिलियांना लुळं करतो आणि कफही वाढवतो, तेव्हा ती चालू ठेवून घेतलेलं कुठलंही औषध अर्धंच लागू पडणार.

खोकला दाबणं, कफ सुकवणं

छातीत कफ भरलेला असताना खोकला बंद करणारं औषध घेणं म्हणजे तुंबलेल्या मोरीला बोळा लावणं. सर्दीवरची झोप आणणारी जुन्या पिढीतली औषधंही कफ सुकवून चिकट करू शकतात. गरम पाण्याच्या वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, पण दाह त्याने जात नाही आणि उकळतं पाणी सांडून भाजण्याचा धोका असतो. मुलांच्या बाबतीत तर हा प्रयोग नकोच.

कफ काढायचा तर जोरजोरात खोकून दमू नका. मध्यम श्वास घ्या, तोंड उघडं ठेवा आणि आरशावर वाफ सोडावी तसा ‘हाऽऽ’ करत हवा बाहेर ढकला. असं एक-दोनदा केलं, की कफ वर सरकतो. मग एकदाच खोका. ज्यांना रोजच कफ येतो, त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून हे नीट शिकून घ्यावं.

तपासणीला थुंकी देणं

ही चूक किरकोळ वाटते, पण तिच्यापायी अहवालच निरुपयोगी होतो. डबीत लाळ गेली, तर तोंडातले जंतू वाढतात आणि छातीतले कळत नाहीत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढा आणि नमुना लवकर पोहोचवा. जंतू शोधायचे असतील, तर नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच द्यावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, कफात रक्त, वजन घटणं किंवा रात्रीचा घाम असेल, तर क्षयरोगाची तपासणीही करून घ्या. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास घेताना छातीत टोचत असेल, तर नमुन्याच्या अहवालाची वाट न पाहता दवाखाना गाठा.