जबड्याला प्लेट लावताय? मग या चुका टाळा

नवा रेसिडेंट ओटीत उभा राहिला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कुठला ट्रे उघडायचा? दोन पॉइंट शून्य की दोन पॉइंट चार?" (हे आकडे स्क्रूच्या जाडीचे, मिलिमीटरमध्ये.) फ्रॅक्चर कुठे आहे, तुकडे किती, दात जुळतायत का, हे सगळं नंतर. ट्रेमधल्या प्लेटची जाडी बघून स्थिरता ठरवायची ही खोड काही केल्या जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. विषय खालच्या जबड्याचाच आहे. वरच्या जबड्याचं गणित वेगळं.

"दोन प्लेट लावू, म्हणजे जास्त पक्कं"

आधी जोर कसा जातो ते डोक्यात बसवा. पुढच्या दातांनी चावलं की अँगलच्या, म्हणजे जबड्याच्या मागच्या कोपऱ्याच्या, फ्रॅक्चरची वरची कड उघडते आणि खालची दाबली जाते. वर ताण, खाली दाब. प्लेट ताणाच्या बाजूला बसली तर पातळ असली तरी पुरते, कारण खाली हाड हाडाला टेकून अर्धं काम स्वतःच करतं. बोर्दोच्या मिशेले यांनी १९७३ मध्ये छोट्या प्लेट, म्हणजे मिनिप्लेट, वापरून दाखवल्या. पुढे स्ट्रासबर्गच्या चॅम्पी यांनी त्या नेमक्या कुठल्या रेषेवर बसवायच्या हे मांडलं. अँगलला बाहेरच्या तिरक्या कंगोऱ्यावर एक प्लेट, आखूड मोनोकॉर्टिकल (हाडाच्या फक्त बाहेरच्या कठीण थरात बसणारे) स्क्रू, झालं. दोन्ही मेंटल फोरामेनच्या (हनुवटीच्या दोन्ही बाजूंना नस बाहेर येते त्या छिद्रांच्या) मधल्या भागात मात्र जबडा पिळला जातो, म्हणून तिथे एकमेकींपासून चार-पाच मिलिमीटरवर दोन प्लेट. हे आकृतीतून पाठ केलेले पुष्कळ भेटतात. 'दोन का' असं विचारलं की गप्प.

मग एखादा हुशार विद्यार्थी बायोमेकॅनिक्सचा पेपर पुढे करतो. पॉलियुरेथेनचे किंवा मेंढीचे जबडे मशिनवर दाबून बघितलं की अँगलला दोन प्लेट एकीपेक्षा जास्त भार घेतात. खरं आहे. इतकंच नाही, त्याच बाजूच्या दाढेवर जोर आला तर चित्र उलटतं, खालची कड उघडायला लागते आणि वरची एकटी प्लेट तिथे फारशी कामाला येत नाही. हेही खरं. पण तेव्हा डॅलसला असलेल्या एडवर्ड एलिस यांच्या रुग्णमालिका वाचा. अँगलला दोन मिनिप्लेट लावलेल्या रुग्णांत गुंतागुंत २८ टक्के, हे १९९४ मध्ये छापून आलं. एकच मिनिप्लेट लावलेल्यांत १६ टक्के, हे १९९६ मध्ये. मशिनवर जिंकलेली पद्धत माणसात हरली!

कारण शोधायला लांब जायला नको. दुसऱ्या प्लेटसाठी तुम्ही हाडावरचं आवरण आणखी सोलता, जखम मोठी होते, वेळ वाढतो. शिवाय ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे रुग्ण पूर्ण ताकदीने चावतच नाही, दुखतं म्हणून. मशिन ज्या भाराला दाबते तो भार त्या काळात त्या जबड्यावर येतच नसतो. न्यूटनचे आकडे वाचताना हा फरक लक्षात ठेवत नसाल तर ते पेपर वाचूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ सगळीकडे एकच मिनिप्लेट ठोका असाही नाही. चुरा झालेलं हाड, मधला तुकडाच गायब, किंवा दात पडून झिजलेला म्हाताऱ्या माणसाचा जबडा, इथे हाडाला टेकायला हाडच नसतं. सगळा भार प्लेटला एकटीने पेलायचा असतो. तिथे रिकन्स्ट्रक्शन प्लेट (जाड, लांब प्लेट), आणि दोन्ही बाजूंच्या धडधाकट हाडात किमान तीन-तीन स्क्रू. जबड्याची उंची दहा मिलिमीटरवर आलीये आणि कुणी म्हणतंय "हाड एवढंसं आहे, मग प्लेट पण छोटीच लावू", तर त्याच्या हातून ड्रिल काढून घ्या. हाड जितकं बारीक, तितकी प्लेट दणकट हवी. हा उलटा हिशोब नवशिक्यांच्या पचनी पडत नाही, आणि मग तुटलेली मिनिप्लेट काढायला तीच आजी पुन्हा ॲडमिट होते.

समोरून जुळलं, मागून उघडं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पावसाळ्यात खड्ड्यात बाइक घसरते, माणूस हनुवटीवर पडतो, सिम्फिसिस (हनुवटीचा मधला भाग) तुटतं आणि दोन्ही काँडाइलही (कानापुढच्या सांध्यातली जबड्याची टोकं) जातात. असाच एक तरुण दुसरीकडे प्लेट लावून काही आठवड्यांनी आमच्याकडे आला. ओपीजी (पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) बघितला तर सुरेख: दोन प्लेट, समांतर, सगळे स्क्रू जागेवर. तक्रार काय, तर शेंगदाणा दाढेखाली येतो पण चुरडत नाही. सोबत आई होती. ती म्हणाली, "डॉक्टर, ह्याचं तोंड रुंद झालंय." आधीच्या तपासणीत तिचं हे म्हणणं 'सूज आहे, उतरेल' म्हणून उडवून लावलं होतं. तिने पोराचं लायसन्स काढून फोटो दाखवला. सूज नव्हती. दोन्ही अँगल बाहेर गेले होते.

गालाच्या बाजूने बघितलं तर दाढा एकमेकींवर बसलेल्या दिसत होत्या. आरसा आत घालून जिभेच्या बाजूने बघितल्यावर आतले कस्प (दाढांचे उंचवटे) वरच्या दाढांना शिवतच नव्हते. सीटीत सिम्फिसिसची मागची, जिभेकडची फट सरळ दिसली. ओपीजी ही फट दाखवत नाही, त्याच्यावर विसंबून राहू नका.

हे होतं कसं, ते सांगतो. आर्च बारला (दातांना बांधायच्या धातूच्या पट्टीला) वायर गालाच्या बाजूने असते. ती करकचून पिळली की खालच्या दाढा आत कलतात आणि जबड्याची खालची कड बाहेर फेकली जाते. दोन्ही काँडाइल तुटलेले असल्यामुळे मागून धरून ठेवायला काही नसतं. समोरची फट मात्र छान मिटलेली दिसते, आणि सर्जन खूश होऊन प्लेट लावतो.

आम्ही ते हाड पुन्हा कापून जुळवलं, पुढे रिकन्स्ट्रक्शन प्लेट लावली, आणि एका बाजूचा काँडाइल उघडून बसवला. पहिल्या वेळी पाच मिनिटं जास्त दिली असती तर हे काहीच लागलं नसतं.

माझी पद्धत अशी: प्लेट लावण्याआधी असिस्टंट दोन्ही तळव्यांनी दोन्ही अँगल आत दाबून धरतो. दाबल्यावर समोरच्या बाजूला केसाएवढी फट उघडली तर मला बरं वाटतं. याचा अर्थ मागची मिटली. प्लेट थोडी जास्त वाकवतो, म्हणजे फ्रॅक्चरच्या जागी ती हाडापासून मिलिमीटरभर उचललेली राहते. स्क्रू आवळत गेलं की हाड प्लेटकडे ओढलं जातं आणि मागची फट मिटते.

इथेच आणखी एक फसगत. वरची युक्ती नॉन-लॉकिंग प्लेटची आहे. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत बसतं, हाड ओढलं जात नाही. भिंतीपासून अंतर राखून बसवलेल्या पडद्याच्या दांडीसारखी ती असते: भिंत जिथे आहे तिथेच राहते. म्हणजे लॉकिंग लावणार असाल तर हाड आधीच बरोबर जुळलेलं हवं. नंतर आवळून काही सुधारत नाही. 'लॉकिंग आहे, वाकवायची गरज नाही, सोपं पडतं' असं म्हणणाऱ्यांना लॉकिंगचा निम्माच धडा मिळालेला असतो. ड्रिल गाइड न लावता वाकडं ड्रिल केलं तर स्क्रू लॉकही होत नाही, वर आवळल्याचं खोटं समाधान मिळतं.

बाकीच्या, पटापट

प्लेट एकाच जागी पुढे-मागे वाकवत बसू नका. टायटॅनियम तिथेच थकतं आणि पुढे तिथेच तुटतं. एकदा नीट अंदाज घ्या, एकदाच वाकवा.

स्क्रूच्या भोकावर पक्कड लावून वाकवलेली प्लेट लॉकिंग असेल तर बाद समजा.

बोथट ड्रिल बिट आणि सलाइन बंद, ही जोडी हाड भाजते. ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी हाडाचं नुकसान होतं. असा स्क्रू आज घट्ट वाटतो आणि तीन आठवड्यांनी बोटाने फिरतो. मग सगळे म्हणतात 'इन्फेक्शनमुळे सैल झाला'. बहुतेक वेळा आधी हालचाल असते, पू नंतर येतो. अँटिबायोटिक बदलण्याआधी प्लेट हलतेय का ते बघा.

फ्रॅक्चरच्या अगदी काठावर स्क्रू नको, आणि चुऱ्यातल्या तुकड्यात तर मुळीच नको.

लॅग स्क्रू, म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरणारा स्क्रू, सुंदर चीज आहे, पण जवळच्या कॉर्टेक्समधलं (हाडाच्या कठीण थरातलं) भोक स्क्रूइतकंच रुंद केलं नाही तर तो लॅग होत नाही, नुसता स्क्रू राहतो. चुऱ्यात त्याचं नावही काढू नका. दाबल्यावर सगळं आत कोसळतं.

काँडाइलच्या मानेला एकच चार भोकांची मिनिप्लेट लावून घरी जाऊ नका. एक मागच्या कडेला, दुसरी सिग्मॉइड नॉचखाली (काँडाइलपुढच्या खाचेखाली) तिरकी. जागा नसेल तर ट्रॅपेझॉइडल, म्हणजे समलंब चौकोनी, प्लेट.

वायर वापरण्याआधी ताणून घ्या, आणि नेहमी घड्याळाच्याच दिशेने पिळा. रात्री तीनला दुसऱ्या कुणाला ती सोडवावी लागली तर तो तुम्हाला शिव्या देणार नाही.

प्लेट बसल्यावर टाके घालायच्या आधी आयएमएफ (वरचा आणि खालचा जबडा एकत्र बांधलेली वायर) सोडा आणि जबडा बोटांनी हलका मिटवून बघा. दात आपोआप, न ढकलता, जुळले पाहिजेत. नाही जुळले तर स्क्रू काढा. 'इलॅस्टिकवर येईल', म्हणजे दातांना रबर लावून जुळेल, हे वाक्य मी ओटीत बोलू देत नाही. रिजिड प्लेटने चुकीच्या जागी धरलेलं हाड इलॅस्टिकला दाद देत नाही. सरकतात ते दात.

आणि डिस्चार्जच्या वेळी 'सॉफ्ट डाएट' एवढंच कागदावर लिहून देऊ नका, त्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो. पेज, मऊ भात, खिमट, असं तोंडाने सांगा. भाकरी दुधात कुस्करली तरी सध्या नको, हेही सांगा. तंबाखू आणि मिश्रीचं सोबतच्या माणसासमोर विचारा, रुग्ण एकटा असताना 'नाही' म्हणतो.