हातात जोर कमी असेल तर स्वसंरक्षणाचं हत्यार कसं निवडायचं

पहिलं सांगतो ते हे की दुकानात जाऊन काचेतली रिव्हॉल्वर बघायच्या आधी आपला हात बघा. आमच्याकडं कोल्हापुरात नेमकं उलटं चालतं, मित्राकडं कुठली आहे, पाहुण्यांनी कुठली घेतली, कंबरेला कुठली भारी दिसते, यावर निवड होते आणि मग संधिवाताचा हात असलेला माणूस घरी येऊन बघतो तर ट्रिगरच ओढला जात नाही. हत्यार परत करणं म्हणजे शर्ट बदलून आणणं नव्हे, लायसनवर नोंद झालेली असते.

हाताचं काय बघायचं तर दुखणं नक्की कुठलंय ते. आमवातात सगळी बोटं सकाळी आखडलेली असतात आणि दुपारपर्यंत जरा सैल पडतात. अंगठ्याच्या मुळाशी झीज असेल तर बाकीची बोटं ठीक पण अंगठ्यानं काही दाबायचं म्हटलं की कळ येते. लकवा मारून गेलेल्याला एकच हात उरतो. बरीच वर्षं शुगर असलेल्यांची बोटं बधिर होतात आणि ही गोष्ट सगळ्यात फसवी, कारण जोर असतो पण बोट ट्रिगरला टेकलंय का नाही हेच समजत नाही. कंपवात असेल तर अजून वेगळं. या प्रत्येकाला वेगळं हत्यार लागतं, आणि एकदोघांना हत्यारच नको, त्याचं पुढं सांगतो.

घरच्या घरी तपासायला बंदूक लागत नाही. बॅगा मोजायचा हुकवाला काटा आणा, टेबलाच्या पायाला बांधा आणि पहिल्या बोटानं हुक सावकाश ओढा, किती किलोपर्यंत जातंय आणि ओढताना मनगट हलतंय का बघा. रिव्हॉल्वरचा ट्रिगर घोडा (काडतुसावर ठोका मारणारा मागचा खटका) न चढवता सरळ ओढला तर साधारण ४ ते ६ किलोचा जोर लागतो, म्हणजे जुन्या बुलेटचा क्लच एका बोटानं दाबल्यागत. घोडा आधी अंगठ्यानं चढवून घेतला तर तेच काम दीड ते अडीच किलोत होतं. मग एक किलो साखरेचा पुडा दोन्ही हातात धरून डोळ्यासमोर हात लांब करा आणि सावकाश पंधरापर्यंत मोजा. हे सगळं सकाळी उठल्या उठल्या करायचं, थंडीत केलं तर अजून चांगलं, कारण हात ज्या वेळी सगळ्यात वाईट असतो तीच वेळ धरून चालायची, चोर काय तुम्ही दुपारी दुखण्याचं औषध घेऊन हात मोकळा झाल्यावर येत नाही. फिजिओथेरपिस्टकडं पकडीचा जोर किलोत दाखवणारं यंत्र असतं, तिथं एकदा मोजून आकडा लिहून ठेवा.

आता आपल्या देशात मिळतं काय ते बघू, कारण यूट्यूबवर अमेरिकेतले लोक हात दुखणाऱ्यांना स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी सांगतात, पिस्तूलच ते, स्लाइड (वरचा मागंपुढं सरकणारा भाग) हलकी, मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा) भरायला सोपं, सगळं खरंय, २०१८ साली त्यांनी ती मुद्दाम अशाच लोकांसाठी काढली. पण तिकडची हत्यारं साध्या माणसाला आयात करून मिळत नाहीत आणि तिचंच २०२० चं मॉडेल ९ एमएमचं आहे, जो बोअर, म्हणजे नळीचं माप, आपल्याकडं प्रतिबंधित आहे. त्यामुळं ते व्हिडिओ स्लाइड कशी ओढायची ते शिकायला बघा, खरेदीची यादी म्हणून नको. आपल्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअरचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल येतं, आणि थोडंफार .२२.

पिस्तूल की रिव्हॉल्वर हा वाद कट्ट्यावर रात्रभर चालतो पण हात अधू असेल तर माझ्या मते वाद नाहीच, रिव्हॉल्वर. पिस्तुलाची स्लाइड मागं ओढायला दोन्ही हात आणि चांगली पकड लागते, आणि .३२ च्या छोट्या पिस्तुलांची, आपली सरकारी अशनी धरून, रचना अशी असते की स्लाइड फक्त स्प्रिंगच्या आणि स्वतःच्या वजनाच्या जोरावर बंद राहते, म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. बघताना वाटतं एवढंसं पिस्तूल, सोपं असेल, ओढायला गेल्यावर कळतं. दुसरं म्हणजे मनगट ढिलं असेल तर गोळी सुटल्यावर स्लाइड पूर्ण मागं जात नाही आणि काडतूस मधेच अडकतं, ते काढायला परत स्लाइडच ओढायची, म्हणजे ज्या कामाला हात चालत नाही तेच काम घाबरलेल्या अवस्थेत. रिव्हॉल्वरला तुमचं मनगट कसं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, एक गोळी नाही उडाली तर परत ट्रिगर ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. मॅगझिनची स्प्रिंगपण अंगठ्याचा जीव खाते, शेवटच्या दोन गोळ्या भरताना धडधाकट माणूससुद्धा वैतागतो.

तरीपण पिस्तूलच पाहिजे असेल, किंवा घरात वडिलांचं आधीपासून आहे आणि तेच वापरायचंय, तर एक युक्ती आहे. बाहेर घोडा असलेलं पिस्तूल असेल तर आधी घोडा चढवून घ्या मग स्लाइड ओढा, बराच जोर वाचतो. आणि स्लाइड ओढण्यापेक्षा स्लाइड मुठीत घट्ट धरून ठेवा आणि पिस्तूल धरलेला हात पुढं ढकला, दंडाचा आणि खांद्याचा जोर कामाला येतो, बोटांचा कमी. फक्त एक गोष्ट, कमी जोराचा माणूस ओढताना पिस्तूल आडवं फिरवतो आणि नळी शेजारच्याकडं नाहीतर स्वतःच्याच कोपराकडं जाते. नळी समोर ठेवून जमत नसेल तर जमत नाही असं समजायचं.

रिव्हॉल्वरमध्येसुद्धा सगळ्या सारख्या नाहीत. कानपूरच्या सरकारी कारखान्यातली जुनी .३२ ची रिव्हॉल्वर मधोमध मोडणारी आहे, वरचा खटका अंगठ्यानं दाबायचा आणि नळी खाली मोडायची, मोडली की सहाच्या सहा रिकाम्या टोप्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची कवचं, एकदम वर येतात. ज्यांचा अंगठा ठीक आहे पण बोटं वाकडी झालीत त्यांना हे बरं पडतं. कानपूरचीच प्रबल ही रिव्हॉल्वर २०२३ ला आली, तिचं काडतुसं भरायचं चक्र बाजूला उघडतं, वजन काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. यात मोडायला जोर नाही पण टोप्या बाहेर काढायला पुढचा दांडा दाबावा लागतो, तो तळहातानं दाबला तरी चालतो, अंगठाच पाहिजे असं नाही. अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं असलेल्यांनी म्हणून दोन्ही प्रकार हातात घेऊन उघडझाप करून बघाव्यात, दुकानदाराला कंटाळा आला तर येऊ दे.

वजनाबद्दल लोकांची समजूत उलटी असते. हात अशक्त म्हणजे हलकी घ्यावी असं वाटतं आणि मग २०१४ ला आलेली निर्भीक रिव्हॉल्वर डोळ्यात भरते, बायकांसाठी म्हणून तिची जाहिरात झाली, वजन साधारण ५०० ग्रॅम. पण गोळी तीच .३२ ची, आणि हत्यार जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त. पर्समध्ये बाळगायला हलकी बरी पण सुजलेल्या सांध्यांना ७०० ग्रॅमवालीच बरी, घरात ठेवायची असेल तर वजनाचा काय त्रास होणारे. साखरेच्या पुड्याची परीक्षा पास झाला असाल तर जड घ्या. पुडा खाली यायला लागला तर निर्भीकचा विचार करा, किंवा .२२ ची निडर, ती तर २५० ग्रॅमचीच आणि .२२ चा धक्का नावालाच, पण गोळी बारीक आहे आणि .२२ चं काडतूस कधीमधी फुसकं निघतं हे माहीत असू दे.

मुठीला रबरी ग्रिप बसवून घ्या, लाकडी गुळगुळीत मूठ घामेजल्या अशक्त हातात फिरते. मूठ जरा जाड असेल तर न मिटणाऱ्या बोटांना उलट आराम पडतो, मात्र पहिलं बोट ट्रिगरपर्यंत पोचायला पाहिजे. घोडा चढवायला पकडलेल्याच हाताचा अंगठा वापरायची सक्ती नाही, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चढवा, पकड सुटत नाही. पण चढवलेला घोडा गोळी न मारता परत खाली उतरवणं हे अधू अंगठ्यासाठी सगळ्यात धोक्याचं काम, अंगठा सटकला की गोळी सुटते. म्हणून नळीची दिशा पक्की असल्याशिवाय आणि मारायचं ठरल्याशिवाय घोडा चढवायचाच नाही. हा सराव डमी राउंड, म्हणजे नकली काडतुसं, घालून करा, .२२ ला तर रिकामा घोडा आपटायचाच नाही, पिन खराब होते.

सरावाचं म्हणाल तर कोल्हापूर नेमबाजीत काय कमी नाही, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच आणि पॅरिसचं ब्राँझ आणलेला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. रेंजवर जाऊन एअर पिस्तूल हातात घ्या, नेम आणि श्वास शिकता येतो. फक्त तिथं चांगलं जमलं म्हणून फुगू नका, १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटरच्या .२२ चा किमान एक किलोचा असतो, आपल्या रिव्हॉल्वरचा घोडा न चढवता या .२२ च्या चार ते सहा पट. नेमबाज मनीष नरवालचा उजवा हात जन्मापासून अधू, त्यानं डाव्या हातानं टोकियो पॅरालिंपिकचं सोनं मारलं, तेव्हा उजवा हात गेला असेल तर डाव्यानं पहिल्यापासून शिकायला लाजायचं कारण नाही.

लायसनचं थोडक्यात. वय २१ पूर्ण पाहिजे, अर्ज कलेक्टर ऑफिसला, पोलिसांचा रिपोर्ट लागतो, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं आणि डॉक्टरचं शारीरिक मानसिक फिटनेसचं. अपंगत्व आहे म्हणून आपोआप नाही म्हणतात असं नाही पण डॉक्टरपासून लपवूपण नका, कुठला हात किती चालतो ते स्पष्ट लिहून घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा, पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं. आणि लायसनला वेळ लागतो म्हणून कुणी गावठी कट्टा दाखवला तर त्याच्या नादाला लागू नका, जेल तर आहेच पण तो अशक्त हातातच काय कुणाच्याही हातात फुटतो.

ज्यांच्याकडं हत्यार आधीच आहे आणि हात आता चालत नाहीत, शिरोळकडं सैनिक टाकळीसारख्या गावात रिटायर फौजी बरेच आहेत, त्यांनी हे बघावं. लायसनधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार ठेवून २५ वर्षं झाली तर कायदेशीर वारसाच्या नावानं लायसनसाठी अर्ज करता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमातच आहे. वारसाला त्याची पात्रता दाखवावी लागते, पण घरातलं हत्यार घरातच राहतं.

आणि ज्यांना नको म्हटलं ते म्हणजे बधिर बोटंवाले आणि ज्यांचा कंप औषधानंही थांबत नाही. ट्रिगरवर बोट आहे की नाही हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात भरलेलं हत्यार घरच्यांनाच जास्त धोक्याचं. त्यांनी मळ्यात दिवे, कुत्रं, दाराला आतनं आडणा, पेपर स्प्रे, फोनला एका बटणावर ११२, यावर पैसे घालावेत. पेपर स्प्रेचं बटणपण दाबून बघा, काहींचं लहान मुलांनी दाबू नये म्हणून मुद्दाम अवघड केलेलं असतं.

घरात ठेवायला चावीची तिजोरी घेऊ नका, दुखऱ्या बोटांना बारीक चावी फिरवणं अवघड, नंबरवाली मोठ्या बटणांची घ्या आणि नातवंडांना नंबर कळू देऊ नका. लायसन शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचं आहे, रिन्यूला जाल तेव्हा तो बॅगेचा काटा परत टेबलाला बांधा आणि आकडा आधीच्या आकड्याशी ताडून बघा, फार खाली आला असेल तर हत्यार बदलायचं का वारसाच्या नावानं करायचं ते तेव्हाच घरात बोलून घ्या.