समुपदेशनाचं बिल विम्यावर टाकण्याआधी

जळगाव-धुळ्याकडे समुपदेशकाकडे जायचं ठरवलं की घरात पहिला प्रश्न निघतो, मेडिक्लेममध्ये बसेल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलं, हे खरं. पण बहुतेक साध्या पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. आठवड्याची तासाभराची बैठक ओपीडीत मोडते. म्हणून ओपीडी कव्हर आहे का, वर्षाची मर्यादा किती, मानसशास्त्रज्ञाची पावती चालते की मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरचीच लागते, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

क्लेम केला की निदान कंपनीच्या नोंदीत जातं. आपल्याकडे सगळेच ओळखीचे, त्यामुळे ही धास्ती मला समजते. चार-पाच बैठकांचाच प्रश्न असेल तर खिशातून द्यावं, असं माझं मत. भरतीची वेळ आली तर मात्र संकोच न करता विमा वापरा. आणि पुढे नवी पॉलिसी घेताना विचारलं तर उपचार लपवू नका, त्यावरून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

पैशांसाठीच अडलं असेल तर १४४१६ लावा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.