अमेरिकेतील ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाचा इतिहास कसा अभ्यासावा

हा इतिहास संस्थांच्या नावांपासून आणि सनावळीपासून सुरू केला, तर हाती फार थोडे लागते. त्याऐवजी प्रत्येक शाळेविषयी आधी एकच प्रश्न विचारावा: मूल तिथे कोणत्या वेळी जात असे?

पहिले उत्तर रविवारचे आहे. ज्यू समाजसेविका रेबेका ग्रॅट्झ यांनी १८३८ मध्ये फिलाडेल्फियात हिब्रू संडे स्कूल सुरू केले. ज्यूंचा पवित्र वार शनिवार असूनही शाळा रविवारी भरे, कारण नमुना शेजारच्या प्रॉटेस्टंट संडे स्कूलचा होता. शिकवणाऱ्या स्त्रिया होत्या आणि मुलगे-मुली एकत्र शिकत. येथे थोडे थांबून पाठ्यपुस्तकांकडे पाहावे. ज्यू पुस्तके पुरेशी नसल्यामुळे आरंभी ख्रिस्ती प्रश्नोत्तरांची पुस्तके घेऊन त्यांतील न पटणाऱ्या उत्तरांवर कागदाचे तुकडे चिकटवले जात, ते झाकलेले वाचण्याची मुलांची धडपडही आठवणींत नोंदलेली आहे (मुलेच ती!). उसन्या साच्यात आपला धर्म बसवताना काय झाकावे लागले, हे त्या तुकड्यांवरून जितके कळते तितके अहवालांवरून कळत नाही.

दुसरे उत्तर, सरकारी शाळा सुटल्यानंतरचे. १८८१ नंतर पूर्व युरोपातून आलेल्या कुटुंबांनी मेलामेद, म्हणजे पंतोजी, आणि त्याची एका खोलीतली शाळा, खेडेर, सोबत आणली. दिवसभर इंग्रजीत शिकून दमलेले मूल संध्याकाळी तिथे हिब्रू प्रार्थना घोकत असे. न्यूयॉर्कमध्ये १९१० पासून शिक्षणसुधारक सॅमसन बेंडर्ली यांनी प्रशिक्षित शिक्षक आणि हिब्रूतूनच हिब्रू शिकवण्याची पद्धत यांवर भर दिला. मात्र खेडेरची बरीच वर्णने सुधारकांच्या लेखणीतून आली आहेत, त्यामुळे ती जपूनच वाचावीत.

तिसरे उत्तर दिवसभराचे: धर्म आणि इतर विषय एकाच ठिकाणी शिकवणाऱ्या पूर्णवेळ शाळांचे. त्यांकडे वळण्यापूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९२५ चा निकाल अवश्य पाहावा. ऑरेगन राज्यातील तो खटला मुळात कॅथलिक आणि लष्करी शाळांचा होता, पण मुलांना खासगी शाळेत घालण्याचा पालकांचा हक्क त्याने मान्य केला आणि त्याचा आधार ज्यू शाळांनाही मिळाला. १९४४ मध्ये तोरा उमेसोरा ही अशा पूर्णवेळ ज्यू शाळांना चालना देणारी संस्था स्थापन झाल्यावर अशा शाळा शहरोशहरी वाढल्या. त्यांतील एखाद्या सनातनी शाळेचे वेळापत्रक मिळाल्यास ते खेडेरच्या वेळेशेजारी ठेवून पाहावे: ताज्या डोक्याची सकाळ तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) आणि तालमूद (धर्मनियमांवरील चर्चेचा ग्रंथ) यांसाठी असते, आणि गणित-इंग्रजी दुपारनंतर येतात.