इलिओस्टोमीनंतर मळमळ होतेय? आधी पिशवी बघा

इलिओस्टोमी म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढणं; त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि त्यातून येणारं पिशवीत जमतं. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस मळमळ बऱ्याचदा होते. भूल, वेदनाशामक औषधं आणि अजून नीट न हलणारं आतडं ही त्याची कारणं, आणि त्यावर वॉर्डातच उपाय होतो. घरी आल्यावर मळमळू लागलं तर मात्र उलटीची गोळी शोधण्याआधी पिशवीत किती आणि कसं येतंय ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

पिशवी भराभर भरतेय, पाण्यासारखं येतंय

आतडं स्थिरावल्यावर दिवसाला साधारण ५०० ते १००० मिली येतं. दीड लिटरच्या वर गेलं तर शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही निघून जातंय. मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, उठताना चक्कर, गडद आणि कमी लघवी ही त्याची लक्षणं. अंदाज करू नका. एक मोजपात्र संडासातच ठेवा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा.

इथे बहुतेकांचं चुकतं: तहान लागते म्हणून तांब्यावर तांबे साधं पाणी पितात. मोठं आतडं वापरात नसल्यामुळे मीठ शोषून घेण्याची एक मोठी सोय राहिलेली नसते. नुसतं पाणी लहान आतड्यात शरीरातलं मीठ ओढून घेतं आणि दोन्ही पिशवीत उतरतात. जितकं प्याल तितकं जास्त येतं. म्हणून ओआरएस घ्या: एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात हा हिशोब नको. दिवसभर घोटघोट प्या, जेवताना ढसाढसा पिऊ नका. सरबत, कोल्ड्रिंक, पॅकबंद रस यांतल्या साखरेने प्रवाह वाढतो. मऊ भात, पिकलं केळं, उकडलेला बटाटा यांनी तो घट्ट होतो. लोपेरामाइड हे प्रवाह कमी करणारं औषध उपयोगी आहे, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. किडनी, हृदय किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ओआरएस किती, तेही त्यांनाच विचारा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा.

पिशवी रिकामी, पोटात कळा

हा अडथळा असू शकतो. आधी पातळ, वास मारणारं पाणी येतं, मग थांबतं, पोट फुगतं, स्टोमा सुजतो. बहुतेकदा न चावलेलं चोथ्याचं खाणं अडकलेलं असतं: मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडींची सालं, अळंबी. पहिले सहा ते आठ आठवडे हे टाळा.

उलटी नसेल तर घन पदार्थ बंद करून ओआरएस घोटघोट घ्या. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडा, स्टोमाभोवती हलक्या हाताने चोळा, थोडं चाला. सुजलेल्या स्टोमाला फ्लँज (पिशवीची त्वचेला चिकटणारी चकती) आवळत असेल तर भोक मोठं कापून नवी लावा. पोट साफ करणारं रेचक औषध अजिबात नको.

उलटी सुरू झाली, चार ते सहा तास काहीच आलं नाही, ताप आला किंवा स्टोमा जांभळा-काळा पडला तर तोंडाने काही न घेता थेट रुग्णालय गाठा. सोबत मोजमापाची वही, जास्तीची पिशवी आणि ऑपरेशनचे कागद घ्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ही कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) नाही, इलिओस्टोमी आहे.