मूत्राशयातल्या मास्ट पेशी मोजायला बसण्याआधी

चेताजन्य मूत्राशयदाहावर, म्हणजे नसांमुळे पेटणाऱ्या मूत्राशयाच्या दाहावर, काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांकडे बहुधा स्लाइडवरच्या मास्ट पेशी (ऊतींतल्या, दाह पेटवणारी रसायनं कणांत साठवणाऱ्या पेशी) मोजण्याचं काम येतं. ते सोपं वाटतं. पण दाहात सगळ्यात जास्त राबलेली मास्ट पेशीच या मोजणीतून निसटते, म्हणून आधी तिचं काम समजून घ्या.

मूत्राशयाच्या भिंतीतले सी-तंतू (वेदना वाहणारे बारीक चेतातंतू) चेतले की त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी हा संदेशवाहक रेणू झिरपतो. शेजारची मास्ट पेशी त्याने चेतते आणि तिच्यातून हिस्टामिन, ट्रिप्टेज (प्रथिनं तोडणारं विकर), टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) बाहेर पडतात. ट्रिप्टेज उलट त्याच तंतूंना चेतवतं आणि चक्र चालू राहतं. त्यामुळे लघवीत जंतू नसतानाही दाह शमत नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून २००८ साली आलेलं काम नवख्यांनी जरूर वाचावं. त्यात उंदराच्या शेपटीच्या मुळाशी स्यूडोरेबीज हा चेतातंतूंत शिरणारा विषाणू टोचून हा दाह निर्माण केला होता. मास्ट पेशी नसलेल्या उंदरांत ओटीपोटाची वेदना दिसली नाही. वेदनेची सूत्रं हिस्टामिनकडे निघाली आणि मूत्राशयातली विकृती टीएनएफकडे. म्हणजे मास्ट पेशी एकच, पण तिची दोन कामं वेगळी. ‘दाह वाढला’ एवढंच वहीत लिहून भागत नाही.

आता रंग. मास्ट पेशींचे कण जांभळे दाखवणारा टोल्युइडिन ब्लू हा रंग १ ग्रॅम घेऊन १०० मिली ७० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवून ठेवा. वापरायच्या दिवशी त्यातले ५ मिली, १ टक्का मिठाच्या ४५ मिली द्रावणात मिसळा. पीएच २.० ते २.५ हवा, आणि तो मीटरवर बघा, अंदाजाने नको. पीएच चढला की सगळी ऊतीच निळी होते आणि जांभळे कण त्यात बुडून जातात. ५ मायक्रॉनचा सेक्शन (ऊतीचा पातळ काप), २ ते ३ मिनिटं रंग, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुणं. पाणी काढण्यासाठी पुढे येणाऱ्या अल्कोहोलमध्ये मात्र रेंगाळू नका, प्रत्येकात दहा-दहा बुडक्या पुरे. हा रंग अल्कोहोलमध्ये उतरतो. स्लाइड फिकी दिसली तर पहिला संशय इथेच घ्यावा.

४०च्या लेन्सखाली मास्ट पेशी जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेली दिसते, इतकी की केंद्रक झाकलं जातं. चेतलेल्या पेशीची कड विस्कटते आणि दाणे बाजूला सांडलेले दिसतात. पूर्ण रिकामी झालेली पेशी दिसतच नाही, कारण रंग धरणारं हेपरिन दाण्यांबरोबरच गेलेलं असतं. त्यामुळे दाह ऐन भरात असताना आकडा घटलेला दिसू शकतो. भरलेल्या आणि सांडलेल्या पेशी वेगळ्या मोजा, आणि शेजारच्या सेक्शनवर ट्रिप्टेजचं अँटिबॉडी-रंजन करून ताळा घ्या.

आकडा दर चौरस मिलिमीटरला द्यायचा. आयपीसचा (डोळ्याजवळच्या भिंगाचा) फील्ड नंबर, म्हणजे त्यावर लिहिलेला दृश्य-वर्तुळाचा मिमीतला व्यास, २२ असेल तर ४०च्या लेन्सखालचं वर्तुळ ०.५५ मिमी व्यासाचं, म्हणजे सुमारे ०.२४ चौ. मिमी. लॅमिना प्रोप्रिया (आतल्या अस्तराखालचा थर) आणि डेट्रूसर (भिंतीतला) स्नायू यांची नोंद वेगवेगळी हवी. चिमट्याने दाबलेल्या कडा सोडून द्या, कारण तिथे दाणे हाताळणीने सांडतात.

सगळ्यात जास्त घोळ मूत्राशय काढतानाच होतो. एका उंदराचं रिकामं, आकसलेलं आणि दुसऱ्याचं फुगलेलं असं फिक्स झालं (फॉर्मालिनमध्ये त्या आकारात कायम झालं), तर तेवढ्याच पेशी पहिल्यात दाटीने दिसतात आणि दाह नसताना वाढ भासते. प्रत्येक मूत्राशय रिकामं करून सारख्याच मापाचं फॉर्मालिन आत भरावं. गट कुठला हे मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून स्लाइडवरची चिठ्ठी दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्या.

मास्ट पेशी नसलेले उंदीर वापरणार असाल तर त्यांच्यात मास्ट पेशी नसण्याचं कारण असलेला किट जनुकातला बिघाड रक्ताच्या इतर पेशींवरही परिणाम करतो हे ध्यानात ठेवा. त्याच उंदरांत शरीराबाहेर वाढवलेल्या मास्ट पेशी परत सोडून परिणाम पूर्ववत होतो का, हे बघेपर्यंत श्रेय मास्ट पेशीला देऊ नका.